अध्यक्ष जेवायला येतात

ब्राँक्स, न्यूयॉर्क
९ फेब्रुवारी १९९३

प्रिय ब्लूमा,

सकाळपासून खिडकीशी बसलो आहे. खालच्या झाडांवर एक पान नाही, आणि तरी माझ्या डोक्यात सातवीची पोरं ओळीने उभी राहून कविता म्हणत आहेत. हसू नकोस. ज्याने जन्मभर पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या, त्याचं म्हातारपण असंच गोंगाटाचं जायचं.

बातमी सांगतो. आपली रेकॉर्ड पुन्हा निघते आहे! 'अध्यक्ष जेवायला येतात.' मिसेस ओक्सेनबर्ग म्हणून एक बाई आहेत, त्यांची लहानशी कंपनी आहे. आपल्या ज्यू लोकांनी पुढाऱ्यांच्या नकला केलेल्या जुन्या विनोदी रेकॉर्डी शोधून त्या नव्या चकतीवर उतरवतात. त्यांना न्यू जर्सीच्या एका गोदामात आपलं मूळ रीळ सापडलं. एकसष्ट सालच्या त्या मंगळवारी जे ध्वनिमुद्रण झालं, ते सगळंच्या सगळं. फोनवर त्या मला म्हणाल्या, "मिस्टर प्लॉटकिन, पन्नास रेकॉर्डी ऐकल्या. अध्यक्ष म्हणून तुम्हीच खरे वाटता." ब्लूमा, खऱ्याखुऱ्या अध्यक्षांनाही असं कुणी म्हटलं नसेल.

हर्शीची कमाल आठवते का? मी विचारलं होतं, "कुठला अध्यक्ष करू? नाव तरी सांग." तो म्हणाला, "नाव घेतलं की चार वर्षांत शिळं होईल. सगळे मिळून एक कर." म्हणून मी बक्षीस समारंभात कविता म्हणणाऱ्या पोराचा आवाज लावला. ओळ संपली की थांबायचं, हनुवटी वर करायची, टाळ्यांची वाट पाहायची. सगळे पुढारी तेच करतात. आणि मिसेस लिपकिन झालेली आपली मिना त्याला विचारते, "तुमच्याकडे म्हणे एक बटण आहे, दाबलं की जग संपतं? मग आमच्या लिफ्टचं बटण कुणाकडे आहे? ते दाबून दाबून माझं बोट संपलं!" वाक्य लिहिलं तुझ्या नवऱ्याने, आणि त्या वर्षी ते म्हटलं गेलं नाही असा एक जिना ब्राँक्समध्ये नव्हता.

संहिता हर्शीची, म्हणून आता हक्क तुझा. मिसेस ओक्सेनबर्ग तुला कागद पाठवतील, त्यावर सही कर. मी एकच अट घातली आहे: पावावरची प्रार्थना आणि त्यानंतरचं ते आमेन यांना हात लावायचा नाही. बाकी काही कापा.

तुझा,
इझी


मायामी बीच
१८ फेब्रुवारी

इझी,

पत्र मिळालं. झाडं आणि पोरं वगळली तर अर्ध्या पानाचं होतं.

कागद आले. सही करायला माझा हात थरथरत नाही, काळजी नको. हर्शीचं नाव पुन्हा छापून येणार म्हटल्यावर माझं शेजारच्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगून झालं. एकीला ऐकू येत नाही, तिला दोनदा सांगितलं. माझा नवरा दिवसभर चड्ड्यांच्या दुकानात हिशेब करायचा आणि रात्री स्वयंपाकघरात बसून अध्यक्षांना बोलतं करायचा, हे जगाला कळू दे की.

पण प्रार्थना आणि आमेन काढून टाका. ते ठेवणार असाल तर सही नाही. माझा लेक नफ्ताली सांगतो की थट्टेत देवाचं नाव उच्चारणं म्हणजे ते वाया घालवणं, आणि तू ते सगळ्या अमेरिकेसमोर उच्चारलंस. तुला माहीत आहे, तो या बाबतीत किती कडक आहे. माझ्या घरी येतो तेव्हा माझ्याच काट्याचमच्यांकडे संशयाने बघतो.

हे त्याचं कारण झालं. माझं कारण तुला माहीत आहेच. ते कागदावर आणायला लावू नकोस.

ब्लूमा


ब्राँक्स
२ मार्च

प्रिय ब्लूमा,

तुझं कारण मला माहीत नाही. खरंच नाही. रात्रभर आठवत होतो आणि मला फक्त हर्शीची टोपी आठवत होती.

नफ्तालीच्या कारणाला मात्र उत्तर आहे. त्याला सांग, इझीमामाने देवाचं नाव वाया घालवलेलं नाही. काय झालं ते ऐक. तू त्या संध्याकाळी नव्हतीस, नफ्तालीला गालगुंड झालं होतं.

ध्वनिमुद्रण मंगळवारी, आणि नाटुकलं शुक्रवारच्या, पवित्र दिवस सुरू करणाऱ्या जेवणाचं. म्हणून हर्शीने मद्यावरची प्रार्थना मुळात घातलीच नव्हती. मंगळवारी ती म्हणणं खोटं झालं असतं. उरला पाव. मिसेस लिपकिन अध्यक्षांना म्हणते, "तुम्ही पाहुणे, तुम्हीच म्हणा, चिठ्ठीवर लिहून दिलंय." हर्शीने चिठ्ठीवर देवाच्या नावाच्या जागी अर्थ नसलेले शब्द घातले होते. तो काय कच्चा होता? पण पाव कापल्याचा आवाज चांगला यावा म्हणून कुणीतरी बेकरीतून खराखुरा वेणीसारखा गुंफलेला पाव आणला. गरम होता, ब्लूमा. वरून तीळ लावलेला. मी शाळेतून उपाशीच आलो होतो.

मी अध्यक्षांचा आवाज लावला. हनुवटी वर. पहिले दोन शब्द अध्यक्षांचे होते. मग हाताला पावाची ऊब लागली आणि तिसऱ्या शब्दाला तो आवाज माझा राहिला नाही, माझ्या वडिलांचा झाला. अर्थ नसलेले शब्द तोंडात आलेच नाहीत. खरे आले, नावासकट. लहानपणापासून हातात पाव घेऊन दुसरं काही म्हटलंच नव्हतं तर येणार कुठून? आणि त्याच क्षणी समोर बसलेल्या त्या दीडशे माणसांतून, जी हसण्यासाठी बोलावली होती, एक जण मोठ्याने आमेन म्हणाला. त्याच्यामागून सगळा दिवाणखाना म्हणाला. म्हणजे स्टुडिओ, पण त्या क्षणी दिवाणखानाच होता. मग सगळ्यांना कळलं आपण काय केलं, आणि जे हसू आलं ते असं की काचेमागचा ध्वनिमुद्रण करणारा माणूस टेबलावर पडला.

आणि मी पाव खाल्ला! मोठा तुकडा. प्रार्थना म्हणून पाव खाल्ला तर वाया काय गेलं? उलट न खाता सोडला असता तर पाप होतं. नफ्तालीला विचार.

आता तुझं कारण सांग. मी कविता शिकवणारा माणूस, जे लिहिलेलं नाही ते मला चांगलं वाचता येतं असा माझा समज होता. या वेळी येत नाही.

इझी


मायामी बीच
११ मार्च

इझी,

तुला ऐकायचंच आहे ना? मग ऐक.

रेकॉर्ड निघाली त्या हिवाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या ग्लुकमनांकडे आम्ही सगळे जमलो होतो. बाबाही होते. त्यांनी आधीच साऱ्या इमारतीला सुनावलं होतं, की राज्यकर्त्यांची टिंगल करणाऱ्या चावटपणाला मी कान देणार नाही. पण ग्लुकमनबाईंच्या भरल्या मिरच्या होत्या म्हणून आले. तबकडी लावली. लिफ्टवर सगळे हसले. मग ती प्रार्थना. मग ते आमेन.

"ओ-मेइन?" लांबवलेलं, आणि शेपूट वर उचललेलं, जणू देवालाच विचारतंय की चाललं ना. जगात असं आमेन एकच माणूस म्हणायचा, बाबा. प्रार्थनागृहात सगळ्यांचं म्हणून झालं तरी त्यांचं चालूच असायचं, आणि मागच्या बाकावरची पोरं खिदळायची. ग्लुकमन ओरडला, "अरे, हा तर आपला झेलिग! इझीने झेलिगचीही नक्कल करवली!" आणि ती सगळी माणसं हसायला लागली. अध्यक्षांना हसली नव्हती इतकी.

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते, इझी. माझे वडील, ज्यांच्या डोळ्यांतून मी आईच्या अंत्यविधीलाही पाणी पाहिलं नाही, ते ग्लुकमनांच्या खिडकीशी रडत होते.

अध्यक्षांची नक्कल करा, राज्यपालांची करा, ते मोठे लोक आहेत, त्यांना काय लागतंय? पण एका फर कापणाऱ्या म्हाताऱ्याचं आमेन नटाकडून वदवून घ्यायचं आणि दुकानादुकानांतून विकायचं? तुझ्या सख्ख्या मामाचं? ज्याने तुझ्या शाळेची फी भरली? मी तुला तेव्हा काही बोलले नाही, कारण हर्शी तुझा जिवलग होता. पण ती तबकडी माझ्या घरात एकदाही वाजली नाही. आता मी काय म्हणते ते कळलं?

ब्लूमा

ता.क. नफ्ताली विचारतो, पावाआधी नियमाप्रमाणे भांड्याने पाणी घेऊन हात धुतले होते का?


ब्राँक्स
२९ मार्च

प्रिय ब्लूमा,

उत्तराला उशीर झाला. मला आधी एकाची परवानगी घ्यायची होती.

गेल्या रविवारी क्वीन्सला गेलो, स्मशानात. भुयारी गाडी, मग बस, मग चिखल. मामाच्या थडग्यावर रिवाजाप्रमाणे एक खडा ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "झेलिगमामा, तुला दिलेला शब्द मला परत हवा आहे. ब्लूमाला सांगावं लागेल." शेजारच्या थडग्याशी एक बाई होत्या, त्या लांब सरकल्या. उत्तर आलं नाही. पण मामा कधीच लगेच उत्तर द्यायचा नाही, हे तुला माहीत आहे. थोडा वेळ थांबलो. त्याने नाही म्हटलं नाही, म्हणून लिहितो आहे.

तो नट नव्हता. ते आमेन झेलिगमामाचंच होतं. तो तिथे होता, ब्लूमा. शेवटच्या ओळीत, डोक्यावर हॅट, मांडीवर गाठोडं.

हे समजायला तुला लेझरमामाबद्दल, तुझ्या बाबांच्या थोरल्या भावाबद्दल, कळायला हवं. तुला सांगितलं असेल, तो तापाने गेला. माझ्या आईनेही मला आधी तेच सांगितलं होतं. मरायच्या वर्षी तिने खरं सांगितलं. गावातल्या गुत्त्यात लेझरमामाने राज्यपालाच्या चालण्याची नक्कल केली. फक्त चालण्याची. लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला उचललं. आजीने गाठोडं बांधलं, लोकरी मोजे, साखर, पाव, आणि झेलिगच्या हातात देऊन म्हणाली, पळ. तो बारा-तेरा वर्षांचा. ठाण्यावर पोचला तर कैद्यांची गाडी निघून गेलेली. लेझर पातळ जोड्यांत गेला. त्यानंतर त्याचं काही कळलं नाही.

आता त्या मंगळवारी मी स्टुडिओत शिरतो तर शेवटच्या ओळीत मामा. म्हटलं, "मामा, तू? तू तर येणार नव्हतास!"

"आलेलो नाही," मामा म्हणाला. "बसलोय."

"आणि हे गाठोडं?"

"तुझं काम कर. लागलं तर कळेल."

सुरुवात झाली. मिना तिकडे अध्यक्षांना ओरडतेय, "अंगावर मांस नाही, याची आई आहे की नाही?" लोक हसताहेत, आणि मला दिव्यांच्या पलीकडे ती एकच हॅट दिसतेय, न हलणारी. लिफ्टच्या वाक्याच्या जरासं आधी दार उघडलं आणि आत पोलीस आला. गणवेशातला. आयरिश, दारात मावेना असा. ब्लूमा, मामा उठला. गाठोडं छातीशी धरलं आणि दोन ओळींमधून चालत येऊन पोलिसाच्या आणि माझ्या मधे उभा राहिला. हातभर उंचीचा तुझा बाप. त्याला माझ्या हातात काहीतरी द्यायचं होतं, गाडी सुटायच्या आत.

पोलीस हळू आवाजात म्हणाला, "बाहेर आडवा लावलेला ट्रक कुणाचा?"

कुणीतरी उठून किल्ली घेऊन गेलं. पोलीस जाईना. दाराला टेकून उभा राहिला. आणि मिनाने ते लिफ्टचं वाक्य टाकलं. पोलिसाने टोपी काढली आणि तो हसला, असा हसला की गणवेशाची बटणं हलली. म्हणाला, "आमच्या बिल्डिंगमध्येही तेच!"

मामाने ते पाहिलं. सरकारी गणवेशातला माणूस देशाच्या अध्यक्षावर हसतो आहे, आणि आकाश जागच्या जागी आहे. आपण सगळे समजतो तो एकवीस साली अमेरिकेत उतरला. नाही, ब्लूमा. त्याचं सामान एकवीस साली उतरलं. तो स्वतः त्या मंगळवारी उतरला, माझ्या डोळ्यांदेखत.

तो मागे जाऊन बसला. पुढच्याच मिनिटाला मी पाव उचलला, आणि पुढचं तुला माहीत आहे. पहिलं आमेन त्याचं.

संपल्यावर बोळात मला गाठलं.

"झालं?"

"झालं, मामा."

"आता कुणी येणार नाही?"

"कोण येणार?"

"उद्या?"

"उद्या सातवीचा तास आहे."

त्याने माझा हात ओढला. मग गाठोडं माझ्या हातात कोंबलं. "घे. आणलंय तर घे. मोजे चांगले आहेत." मी विचारलं, "आणि ते आमेन?" तर माझ्यावरच भडकला. "पाव खरा, प्रार्थना खरी. मग मी काय तोंड मिटून बसायचं? तू नाटकी असशील, मी नाही!" आणि जाता जाता बजावलं, "ब्लूमाला बोललास तर गाठ माझ्याशी आहे. अख्ख्या इमारतीला सांगून बसलोय की येणार नाही म्हणून." तुला म्हणे युनियनची बैठक सांगितली होती.

गाठोड्यात मोजे, साखर, राय धान्याचा पाव आणि तळाशी एक बंडी होती. आतून करड्या खारीची फर, त्याच्या टेबलावर उरलेल्या कापांची, एकेक काप लव जुळवून शिवलेला. माझी तुरुंगातली थंडी त्याने किती आठवडे आधी मोजली असेल! ती बंडी मी तेरा हिवाळे घातली.

ग्लुकमनांच्या खिडकीशी काय झालं ते मी पाहिलं नाही. पण मामा हसायचा तेव्हा आवाज करायचा नाही, फक्त खांदे हलायचे. गुत्त्यातल्या त्या दिवसापासून तो तसाच हसायचा, असं आई म्हणायची. सगळी इमारत म्हणत होती, ही झेलिगची नक्कल आहे, आणि खरा झेलिग चोरी पकडली जाऊ नये म्हणून पाठमोरा उभा होता. तो रडत होता की हसत होता, हे तू त्याची मुलगी, तूच ठरव.

इझी

ता.क. हात धुतले होते. मागच्या मोरीत, कॉफीच्या कपाने. कप चिनी मातीचा, कान तुटलेला.


मायामी बीच
१५ एप्रिल

इझी,

सण आटोपला, म्हणून आता लिहिते. खरं तर सणाचं कारण खोटं आहे. तुझं पत्र मी सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्यांच्या डब्यावर आठवडाभर ठेवलं होतं आणि जाता-येता त्याच्याशी भांडत होते.

तर ती बंडी तुझ्याकडे होती! करड्या खारीची! अरे, ती माझी कॉलर होती! त्या वर्षी डिसेंबरातल्या आपल्या दिव्यांच्या सणाला बाबा मला कोटाला कॉलर लावून देणार होते. उन्हाळ्यापासून काप जमवत होते, मी रोज जाऊन हात फिरवायची. आणि नोव्हेंबरात म्हणाले, कसर लागली, टाकून दिले. पस्तीस वर्षं फर कापणाऱ्या माणसाच्या टेबलाला कसर! आई त्यांना म्हणाली होती, "झेलिग, तुला खोटं बोलता येत नाही, तू बोलू नकोस." मी दोन आठवडे त्यांच्याशी धड बोलले नाही. आणि ती कॉलर तू सातवीच्या वर्गात मिरवत होतास, तेरा हिवाळे!

म्हणजे तू खरं सांगतो आहेस. कसरीचं तुला कुणी सांगितलेलं नव्हतं.

लेझरकाकांचं मला माहीत नव्हतं. त्याबद्दल आज लिहीत नाही.

पण माणूस म्हातारा झाला की आठवणींना इस्त्री करतो, आणि तू तर कवितावाला. पोलीस, बटणं, आकाश जागच्या जागी. पटायला हवं ते माझ्या कानांना. मूळ रीळ सापडलंय म्हणतोस ना? मला ऐकव. न कापलेलं. बाबा असतील तर मला कळतील. नसतील तर इझी, तू कितीही छान लिही, मी सही करणार नाही, आणि प्रार्थना निघेल.

ब्लूमा

ता.क. नफ्ताली म्हणतो, कान तुटला तरी कप चालतो. कड तुटली असती तर नाही. पावाचंही त्याला पटलेलं दिसतं, पण तो तसं म्हणणार नाही.


ब्राँक्स
२७ एप्रिल

प्रिय ब्लूमा,

सोबत कॅसेट आहे. मिसेस ओक्सेनबर्गनी रिळावरून थेट उतरवली. त्यांच्या ऑफिसात मीही पहिल्यांदाच ऐकली. आमेननंतर हसू उसळलं की रेकॉर्डवर एकदम दुसरा प्रसंग सुरू होतो; तिथे कापलं होतं, हे मला माहीत होतं. काय कापलं ते माहीत नव्हतं. त्या हसण्यात मला मंचावर काही ऐकू आलं नव्हतं.

मी त्याबद्दल काही लिहीत नाही. मी इस्त्री करतो असं तूच म्हणालीस. कॅसेटला इस्त्री करता येत नाही.

खाली झाडांना पालवी फुटली आहे. इतकंच लिहितो आणि थांबतो. ऐकून झालं की कळव. नाही कळवलंस तरी मी समजेन.

इझी


मायामी बीच
१० मे

इझी,

नफ्तालीला बोलावून घेतलं. एकटीने ऐकायचं धाडस झालं नाही. तो आला आणि आल्याबरोबर नियम सांगायला लागला, की ध्वनिफितीवरच्या प्रार्थनेला आमेन म्हणायचं नसतं, कारण तिथे माणूस नसतो, फक्त आवाज असतो. कुठल्या ग्रंथात आहे तेही सांगितलं. मी म्हटलं, कुणी तुला आमेन म्हणायला बोलावलंय? बटण दाब.

तुझा तो अध्यक्ष ऐकला. तू बरा होतास, इझी. फार बरा होतास. तिसऱ्या शब्दाला आवाज बदलतो, तेही ऐकलं. तू त्यात भर घातलेली नव्हतीस.

मग आमेन. मग हसू, लांबच लांब. आणि ते ओसरता ओसरता मागून, अगदी मागून, यिदिशमध्ये, चिडलेला आवाज: "अहो, हसताय काय? सूप वाढा त्याला! एवढ्या देशाचा कारभार करून आलाय, उपाशी आहे तो!" आणि मिना गडबडून, "वाढते हो, वाढते!"

नक्कल करणाऱ्या नटाला आमेन जमलं असतं. हे जमलं नसतं. पाहुण्याला ताटकळत ठेवलं की बाबा आईवर अस्सेच ओरडायचे. ज्या माणसाच्या भावाला एका राज्यपालाच्या नकलेपायी तुरुंगाने गिळून टाकलं, त्याने एका संध्याकाळी देशाच्या अध्यक्षाला आपल्या टेबलावर बसवलं, त्याला आमेन दिलं, आणि त्याच्यासाठी सूप मागवलं. माझा बाप! हर्शीने लिहिलेलं सगळं छान होतं, पण त्या रिळावरचं सगळ्यात चांगलं वाक्य त्याचं नाही, हे सांगायला मला जड जात नाही. हर्शीनेही टोपी काढली असती.

खिडकीशी ते हसत होते. मी ठरवलं.

सही केली. कागद सोबत आहेत. पण आता अटी माझ्या, आणि मिसेस ओक्सेनबर्गना शब्दाला शब्द सांग. प्रार्थना राहील, आमेन राहील, आणि सूपही राहील, एक अक्षर न कापता. आणि वेष्टनावर जिथे तुझं आणि मिनाचं नाव आहे, तिथेच त्याच आकारात यायला हवं: झेलिग ब्रुमबर्ग, आमेन. खाली बारीक टाइपात नाही. नाव बारीक आलं तर मी स्वतः न्यूयॉर्कला येईन, आणि ते तुम्हा दोघांनाही परवडणार नाही.

नफ्ताली म्हणाला, नावापुढे 'यांची स्मृती मंगल असो' असं घालावं लागेल. मी म्हटलं, ते थडग्यावर आहे. इथे नको, इथे ते बोलताहेत. त्याने वाद घातला नाही. आत्ता बाहेरच्या खोलीत कॅसेट मागे नेऊन तो तीच जागा पुन्हा लावतोय. कितव्यांदा कोण जाणे. उभा राहून ऐकतोय. मी म्हटलं बस, तर म्हणाला, "आई, आजोबा बोलत असताना मी कधी बसलोय का?"

ब्लूमा,
झेलिग ब्रुमबर्गची मुलगी